तीन भिंगं आणि बाबांचा उजवा डोळा

२ फेब्रुवारी. सकाळी ६.१०

आजपासून शिस्त. भिंगांची तुलना हा विषय आता गंभीरपणे घेतला पाहिजे. हौशी लोकांच्या हाती तो सोडून चालणार नाही.

माझ्याकडे तीन भिंगं आहेत. तिन्ही पन्नास मिलिमीटरची, तिन्ही माझ्या एकाच रेंजफाइंडर कॅमेऱ्याला बसणारी. बायकोचं म्हणणं, एकाच मापाचे तीन बूट घेऊन माणूस जातो कुठे? तिला समजावत बसलो नाही. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून असते. भिंगातून बघणं वेगळं आणि भिंगाकडे बघणं वेगळं.

भिंगांना नावं ठेवली. म्हणजे चांगल्या अर्थाने. मामांनी कॅमेऱ्याबरोबर दिलेलं ते आजोबा: पितळी, जड, आत किंचित धुकं. ते धुकं म्हणजेच त्याचा आत्मा. दुसरं मास्तर: नवं, काळं, काटेकोर. तिसरं गेल्या महिन्यात आमच्या छायाचित्र मंडळातल्या एका सभासदाकडून फ्लॅशच्या बदल्यात घेतलं. पूर्वेतिहास अज्ञात, रिंग फिरवली की कुरकुरतं. तो पाहुणा.

संकल्प: तीन महिने, रोज एक तास. प्रत्येक फोटो अॅपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेडाचं छिद्र, पूर्ण उघडं ठेवून. भिंगाचा स्वभाव पूर्ण उघडल्यावरच कळतो. माणसाचाही.

३ फेब्रुवारी. सकाळी ८.५०

उशिरा उठलो. शिस्त उद्यापासून.

तरी एक नोंद करून ठेवतो, पुढे पुस्तक लिहिताना उपयोगी पडेल. रेंजफाइंडरमध्ये भिंगातून बघत नाहीत. शेजारी एक छोटी खिडकी असते, तिच्यातून बघतात. खिडकीच्या मधोमध पिवळसर चौकोन. त्यात समोरचा एक माणूस दोन-दोन दिसतो. रिंग फिरवत न्यायची. दोन्ही माणसं एकमेकांवर बरोबर बसून एक झाली की फोकस झाला. लग्नाचंही असंच असतं, असं बायकोला म्हणालो. ती म्हणाली, दूध उतू जातंय.

११ फेब्रुवारी

पहिला रोल धुवून आला. छत्तीसच्या छत्तीस फ्रेम कोऱ्या. स्टुडिओवाला पासपोर्ट फोटो काढतो, पण फिल्म धुणारा गावात तोच एक उरलाय. फार बोलत नाही. निगेटिव्हची पट्टी उजेडात धरून एकच शब्द बोलला. "झाकण?"

मी म्हणालो, फिल्मचा लॉट खराब असणार.

सायंकाळी ६.३०. झाकण होतं. हा कॅमेऱ्याचा दोष नव्हे. भिंगातून बघायचंच नसल्यामुळे झाकण राहिलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. कॅमेरा आपल्यावर विश्वास टाकतो, एवढाच त्याचा अर्थ. आजकाल विश्वास टाकणारी यंत्रं राहिलीत कुठे.

१९ फेब्रुवारी

दुसरा रोल. उत्तम! आजोबा लावून बाबांचे आठ फोटो काढले होते, त्यांच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात. चेहरा किती हळुवार आलाय. जणू भिंगाने वयाला माफ केलं. मागची भिंत, तिच्यावरचा स्विचबोर्ड मात्र एकदम स्पष्ट. यालाच जाणकार चित्राची खोली म्हणतात. वहीत लिहिलं: 'आजोबा माणसांशी मायेने वागतात, वस्तूंशी कडक.'

बाबांना दाखवले. फोटो हातात घेतला, जवळ नेला, लांब नेला, छान म्हणाले. दुसरा दिला. तोही छान. बाबा त्र्याऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासायचे. पानातला निसटलेला अनुस्वार त्यांना चालता चालता दिसायचा. अशा माणसाने आठपैकी आठ फोटोंना छान म्हणावं, याहून वेगळा दाखला कशाला हवा?

२० फेब्रुवारी. सकाळी ७.१५

बाबांनी चहात मीठ घातलं. दोन्ही बरण्या सारख्याच दिसतात म्हणाले. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी बरण्यांकडे बघितलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा पूर्ण पिकलाय, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी डिसेंबरमध्येच सांगितलं होतं. बाबा म्हणतात, एवढा उन्हाळा जाऊ दे. मीही म्हणालो, जाऊ दे. घाई काय आहे? पेपर मी वाचून दाखवतोच की. शिवाय सध्या तुलनेचं काम चालू आहे, मध्येच खंड पडायला नको.

संकल्प: बरण्यांना चिठ्ठ्या लावणे.

२८ फेब्रुवारी

कचेरीत आमच्या साहेबांचा फोटो काढायचा होता, सूचना फलकासाठी. आम्ही पाणीपुरवठ्याचे नकाशे काढणारे लोक, पण फोटोचं काम आलं की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. मुद्दाम मास्तर लावला. अधिकारी माणूस, काटेकोर भिंग.

प्रिंट आज आला. मास्तरच्या स्वभावाचा नवाच पैलू कळला. तो वरून कडक, पण आतून संकोची. साहेबांचा चेहरा त्याने आदबीने थोडा धूसर ठेवलाय. मागे भिंतीवर आग विझवायचं यंत्र आहे, त्यावरच्या सूचना मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतात.

साहेबांनी फोटो बराच वेळ बघितला. त्यांनाही त्या सूचना आज पहिल्यांदाच वाचायला मिळाल्या, असं म्हणाले. मग फलकावर शिपायाने फोनवर काढलेला फोटो लागला. अधिकारीवर्गाला सूक्ष्म गोष्टी कळत नाहीत. बोलून उपयोग नाही.

४ मार्च. सकाळी १०

रविवार. मंडळाची सभा, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. आमचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत. फोटो बघताना अजूनही मान वाकडी करून आत खोल बघतात आणि प्रत्येक फोटोला 'भाव चांगला आहे' म्हणतात. माझ्या सहाही फोटोंचा भाव चांगला निघाला.

आणि मुख्य बातमी! या वर्षीचं व्याख्यान मी द्यायचं. २१ एप्रिल. मोठ्या प्रिंटसह. मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ कुणी येऊ दिली नाही, हे बरं झालं.

व्याख्यानात छातीठोकपणे सांगणार आहे, कुठलाही फोटो माझ्यापुढे ठेवा, कुठल्या भिंगाचा ते मी ओळखतो.

५ मार्च

ओळखता येतं का ते एकदा घरी बघून घ्यावं. नुसती औपचारिकता.

६ मार्च. दुपारी ४

बायकोने बारा फोटो निवडले, चार-चार प्रत्येक भिंगाचे. पाठीवर पेन्सिलीने खुणा केल्या, पिसले, टेबलावर मांडले. लॅबमधली सवय. तोंडावर रेषही हलू दिली नाही.

माझे तीन बरोबर आले. बारापैकी.

तिचं म्हणणं, डोळे मिटून उचलले असते तरी चार आले असते. हे गणित झालं. मी ज्या नऊ ठिकाणी चुकलो तिथे भिंगाने आपला स्वभाव लपवला होता. सगळे काय सगळ्यांसमोर सारखे वागतात?

मग तिने एक नजर टाकली आणि चार फोटो पटापट बाजूला काढले. हे चार तुमच्या आजोबांचे. बरोबर निघाले. मी विचारलं, कसे ओळखलेस. तिने भिंग मागून घेतलं, टॉर्च लावला, आत बघितलं आणि म्हणाली, बुरशी आहे. पुढे दोन लांबलचक नावं घेतली, यातली एक असणार म्हणाली. धुकं वगैरे काही नाही, पसरते आहे, बाकीच्या दोघांपासून लांब ठेवा.

याला ओळखणं म्हणत नाहीत, याला निदान म्हणतात. निदान आणि रसग्रहण यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिला तसं सांगणार होतो, पण तिने तोवर आजोबांना प्लॅस्टिकच्या डब्यात घालून वर 'उघडू नये' अशी चिठ्ठी लावली होती. बरण्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडून अजून व्हायच्या आहेत.

१४ मार्च. सायंकाळी ५.४५

बाबा जिन्यात पडले. शेवटची पायरी त्यांना जमीनच वाटली. मोडलं काही नाही, पण घोटा टम्म सुजलाय.

मी धावत गेलो तेव्हा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, अरे काही नाही, एक ओळ गाळली गेली. हसले. मला हसू आलं नाही.

बायकोने बर्फाची पिशवी बांधली, फोन उचलला आणि डॉक्टरीणबाईंकडून उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घेतली. ९ एप्रिल. बाबांनी उन्हाळ्याचं काढायला तोंड उघडलं, तिने त्यात गोळी ठेवली.

मी म्हणणारच होतो. आठवडाभर मनात घोळतच होतं.

२० मार्च

बाबा घोटा उशीवर ठेवून बसलेत. अनायासे स्थिर बसलेत म्हणून पाहुण्याने बारा फोटो काढले. पाहुणा मोकळा गडी वाटला होता, पण त्याचाही कल चेहरा सौम्य ठेवण्याकडेच दिसतो. मागच्या पडद्याची वीण धाग्याधाग्याने मोजता येईल इतकी स्पष्ट. म्हणजे तिघेही सौम्यच. पण तिघांच्या सौम्यपणाच्या जाती वेगळ्या. आजोबांचा मायेचा, मास्तरांचा आदबीचा, पाहुण्याचा परकेपणाचा. व्याख्यानाचा गाभा सापडला!

बाबांना दाखवले. छान, छान.

मग त्यांनी विचारलं, डोळ्याला भूल देतात की माणसाला? मी म्हणालो, डोळ्याला. म्हणजे मला सगळं कळत राहणार, असं म्हणाले. मी विषय बदलून पडद्याच्या विणीवर आणला.

२७ मार्च. दुपारी १२.२०

तपासणी. डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या, बोलणं भरभर. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून टाकायचं आणि तिथे नवं बसवायचं, म्हणाल्या. भिंग! आता विषय माझ्या हातात आला. मी खुर्ची पुढे ओढली.

त्यांनी दोन प्रकार सांगितले. एकात लांबचं स्वच्छ दिसतं आणि वाचायला चष्मा लागतो. दुसऱ्यात दोन्ही थोडं थोडं जमतं, पण दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. मी विचारलं, वलयांचा पोत कसा असतो? त्यांनी फाइलमधून मान वर केली. मी विचारलं, दोन्हींचा स्वभाव कसा आहे, चेहऱ्यांच्या बाबतीत? मग म्हणालो, थोडं जुन्या घडणीचं मिळेल का? नव्या भिंगांत फार कोरडेपणा असतो.

बाई म्हणाल्या, सध्या यांच्या डोळ्यात जे आहे ते त्र्याऐंशी वर्षांच्या जुन्या घडणीचंच आहे. मग बायकोला विचारलं, रुग्ण नक्की कोण?

बाबांनी पहिला प्रकार निवडला. चष्मा लावायची मला सवय आहे, म्हणाले. ओळी सरळ दिसल्या म्हणजे झालं.

परतताना बाबांनी माझा दंड धरला होता. नेहमीपेक्षा घट्ट. रस्ता ओलांडताना सोडला नाही, ओलांडून झाल्यावरही सोडला नाही.

२ एप्रिल

व्याख्यानासाठी चोवीस मोठे प्रिंट करायला टाकले. स्टुडिओवाल्याने विचारलं, एवढे मोठे करायचे? नक्की? सगळे? आजवर तो माझ्याशी सलग पाच शब्द बोलल्याचं आठवत नाही. त्यालाही उत्साह आलेला दिसतो.

९ एप्रिल. सकाळी ९.४०, दवाखाना

बाबांना आत नेलं. बाहेर बाकावर बसून लिहितोय. बॅगेत कॅमेरा आणि मास्तर, पाहुणा. अशा प्रसंगाची नोंद व्हायला हवी म्हणून आणले. आत जाताना बाबांनी हिरवी टोपी घातली होती, त्यांनी वळून हात केला. कॅमेरा डोळ्याला लावला. चौकोनात दोन बाबा दिसत होते. रिंग फिरवली, पण ते एक होईनात. माझेच हात थरथरत होते. फोटो काढला नाही.

ठरवलं, हा माझा कलात्मक संयम होता.

९.५५. बायकोला विचारलं, किती वेळ लागतो? म्हणाली, वीस मिनिटं. पंधरा झाली होती.

१०.०५. बाहेर आले. डोळ्यावर पट्टी. म्हणाले, आत बाई गुणगुणत होत्या, सूर बरा होता.

१० एप्रिल. सकाळी ११

पट्टी काढली.

बाबांनी आधी छताकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग बायकोकडे बघून म्हणाले, तू हिरवी साडी नेसली आहेस, मला ही राखी वाटायची. मग माझ्याकडे वळले. नुसते बघत राहिले. मी थोडा ताठ बसलो.

"अरे, तू तर म्हातारा झालास की!" म्हणाले. आणि माझ्या गालाला हात लावला, छापलेला कागद ओला आहे का बघावं तसा.

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. बाबांनी पूर्ण वाचला आणि सांगितलं, खालून दुसऱ्या ओळीत एक अक्षर तिरकं बसलंय. बाईंनी जवळ जाऊन बघितलं. बसलं होतं.

फार आनंदात आहोत. रिक्षात बाबांनी घरापर्यंत एकही पाटी सोडली नाही.

११ एप्रिल

नव्या डोळ्याला ताण नको म्हणून फोटोंचे सगळे अल्बम वरच्या फळीवर ठेवले. पुढे सूटकेस लावली.

१२ एप्रिल

बाबांनी विचारलं, तुझे फोटो कुठायत? आता नीट बघतो. मी म्हणालो, व्याख्यानाला एकदमच बघा, मोठे. बायको भाजी चिरत होती. सुरी थांबल्याचं ऐकू आलं.

२० एप्रिल. दुपारी ३

सगळी तयारी झाली. चोवीस प्रिंट आले. फलक मी स्वतः रंगवला: 'भिंगाचं व्यक्तीमत्त्व: तीन स्वभावांचा तौलनिक अभ्यास'. भाषण आरशासमोर दोनदा म्हटलं. 'भिंग खोटं बोलत नाही' या वाक्यानंतर थांबायचं. टाळ्यांसाठी.

बाबांना बरं नसेल तर घरीच थांबा, असं सुचवून बघितलं. त्यांना पंचवीस वर्षांत इतकं बरं वाटलेलं नाही.

२१ एप्रिल. सायंकाळी ७.३०

थोडक्यात लिहितो.

खोली भरलेली होती. अठ्ठावीस माणसं. बाबा पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत, नव्या चष्म्यासकट. आजोबांच्या मायेवर बोललो, माना डोलल्या. मास्तरांच्या आदबीवर बोललो, अध्यक्षांनी भाव चांगला असल्याचं सांगितलं. 'भिंग खोटं बोलत नाही' म्हणालो आणि ठरल्याप्रमाणे थांबलो.

त्या थांबलेल्या वेळात बाबा उठले. फोटोंच्या रांगेपाशी गेले. पहिल्याच फोटोपुढे, त्यांच्या स्वतःच्या, उभे राहिले. चष्मा काढला, लावला. आणि अगदी निरागसपणे, घरात विचारावं तसं विचारलं, "माझ्यामागचा स्विचबोर्ड फार सुरेख आलाय रे. चौथ्या बटणावरचा डागसुद्धा दिसतोय. पण मी कुठाय?"



मग अध्यक्ष उठले. मान वाकडी करून आत खोल बघितलं. म्हणाले, खरंच की. पुढच्या फोटोकडे गेले. आग विझवायच्या यंत्रावरच्या सूचना मोठ्याने वाचल्या. त्यांच्यामागे सगळे उठले. पडद्याची वीण बघितली, दाराची कडी बघितली, बायकोच्या मागचं कॅलेंडर बघून कुणीतरी मार्चमधले सगळे वार बरोबर आहेत म्हणालं. चोवीस फोटो. प्रत्येकात माणूस धूसर आणि त्याच्यामागची वस्तू लख्ख. तिन्ही भिंगांत. सारखीच.

पहिलं हसू नक्की कोणाचं ते कळलं नाही, पण नंतर सगळ्यांचं होतं. वाईट अर्थाने नव्हतं. ज्याच्याकडून पाहुणा घेतला तो तर डोळे पुसत होता.

बाबा परत येऊन बसता बसता फलकापाशी थांबले. 'व्यक्तिमत्त्व' मधला क्ति ऱ्हस्व, म्हणाले.

२२ एप्रिल

डोकं दुखतंय. अंथरुणातून उठलो नाही. छायाचित्रण सोडलं. कॅमेरा द्यावा कुणाला तरी.

दुपारी १. बाबा खोलीत आले, पलंगाच्या कडेला बसले. अल्बम त्यांनीच फळीवरून काढून आणला होता. म्हणाले, चुकलंच माझं, तिथे सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. सवय आहे. दिसलं की बोललं जातं.

मी विचारलं, मग इतके दिवस छान का म्हणत होता?

म्हणाले, अरे, मला हातातला कागद चौकोनी आहे एवढंच कळायचं. पण तू फोटो पुढे धरलास ना, की तुझा आवाज असा यायचा. लहानपणी पाटी दाखवायचास तसा. त्याला छानच म्हणावं लागतं.

मग अल्बम उघडून प्रत्येक पानावर कुठली वस्तू छान आली आहे ते सांगत बसले. तब्बल अर्धा तास. मध्ये कधीतरी मीही हसायला लागलो. डोकं दुखायचं थांबलं.

छायाचित्रण सोडलेलं नाही. फक्त स्थगित केलं होतं.

२४ एप्रिल

बायकोबरोबर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. तो कॅमेरेही उघडतो. डोळ्याला छोटं भिंग चिकटवून त्याने खिडकीतून बघितलं, भिंतीवरच्या रेघेवर रिंग फिरवली, मग मागचं दार उघडून कसली तरी काच लावून बघितलं. म्हणाला, खिडकीतली दोन चित्रं चुकीच्या ठिकाणी एक होतात. तुम्ही माणसावर धरता, कॅमेरा त्याच्यामागे वीतभर धरतो. भिंगांचा काही संबंध नाही.

विचारलं, कधीपासून असेल?

म्हणाला, हे मीच तुम्हाला विचारणार होतो. कुठे पडला होता का?

पडला वगैरे नव्हता. गेल्या ऑक्टोबरमध्ये कचेरीच्या जिन्यात अलगद टेकला होता. सात पायऱ्यांवर.

मग बायको पुढे झाली आणि तिने पर्समधून प्लॅस्टिकचा डबा काढला. हेही साफ करा म्हणाली. त्याने चिठ्ठी वाचली, तरी उघडला. बुरशी बघून तिच्याशी अर्धा तास बोलत होता. दोघांचं चांगलं जमलं.

आजोबांचा आत्मा जाणार. पण मी अडवलं नाही. मनाचा मोठेपणा लागतो.

५ मे. सकाळी ८

कॅमेरा आला. चौकोन आता रेघेवर बरोबर बसतो. आजोबा आतून इतके स्वच्छ की ओळखू येईनात.

नव्याने सुरुवात. मागची सगळी तुलना रद्द, कारण ती सदोष यंत्रावर झाली होती. खरी तुलना आजपासून! गच्चीवर उन्हात बाबांना खुर्ची दिली. तीन भिंगं, तीन फोटो, एकाच जागेवरून. ऊन इतकं होतं की अॅपर्चर बरंच मिटावं लागलं, त्याला इलाज नाही.

बाबांनी दाढी स्वतः केली होती. केस पाणी लावून बसवले होते. बायको त्यांच्या मागे उभी राहून बघत होती, मागे कुठली वस्तू नाही ना. बाबा म्हणाले, सुरकुत्या येऊ देत हां सगळ्या, एकही गाळू नकोस. मी म्हणालो, एकही नाही गाळणार. डाव्या डोळ्याची तारीख त्यांनी काल स्वतःच फोन करून घेतली आहे.

भिंग बदलताना दर वेळी हात स्थिर होता. आवर्जून नोंद करतो.

संकल्प: प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर भिंगाचं नाव लिहून घेणे. विसरणे नाही.

१२ मे. दुपारी १२.१५

प्रिंट आले. बाबांचा चेहरा पहिल्यांदाच चेहऱ्यासारखा आलाय. प्रत्येक सुरकुती, पापणीचा प्रत्येक केस, नव्या डोळ्यातली चमकसुद्धा. स्टुडिओवाला म्हणाला, हा माणूस कोण? याच्याबद्दल ऐकलं होतं, बघितला नव्हता.

पाठीवर नावं लिहून घ्यायची राहिली. हरकत नाही. मी ओळखतोच.

१२.४०. तिन्ही टेबलावर मांडलेत. मायेचा कुठला ते बघतोय.

१.१५. उन्हात नेऊन बघितलं. बायकोचं भिंग लावून बघितलं. डावा किंवा मधला आजोबा असावा. किंवा उजवा.

१.३०. बाबांना विचारलं, तिघांत काय फरक दिसतो. त्यांनी चष्मा लावून एकेक फोटो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासला, पूर्वी प्रुफं तपासायचे तसा. एकही चूक नाही म्हणाले. फरकही नाही.

२.००. बायको लॅबमधून आली. पर्स ठेवली, टेबलावर नजर टाकली आणि म्हणाली, फोटो छान आलाय हो. पण एकाच फोटोच्या तीन कॉप्या कशाला काढल्यात?